सात नंबरची बाटली

शाळेत कुठलीही वस्तू सापडेनाशी झाली की ती लॅबकाकांकडे असणार, हे गेली पस्तीस वर्षं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. कात्री, डिंक, पाना, फ्यूजची तार, हेडसरांच्या चष्म्याचा इवलासा स्क्रू. "काका, तुमच्याकडे असेलच," म्हणत माणूस दारात उभा राहायचा, आणि वैताग असा की असायचंच. काका आधी पाच मिनिटं कुरकुर करायचे, ही लॅब आहे की भंगाराचं दुकान म्हणून विचारायचे, आणि मग बरोबर तिसऱ्या ड्रॉवरमधून ती वस्तू काढून द्यायचे. दिलेलं परत कधी आलं नाही. डिंकाची बाटली तर एकदा चार महिन्यांनी त्यांनी स्वतःच चित्रकलेच्या सरांच्या टेबलावर ओळखली. सर म्हणाले, "तुमची होती होय? मला वाटलं शाळेची." काका म्हणाले, "मग मी कुठला, शेजारच्या शाळेचा?" आणि बाटली तिथंच ठेवून आले.

प्रयोगशाळा सहायक हे त्यांचं कागदावरचं पद. मुलांनी लॅबकाका केलं आणि तेच टिकलं. शिक्षक तेच म्हणायचे, आणि बायको चिडली की तीही तेच म्हणायची. तासाआधी सामान मांडायचं, तासानंतर आवरायचं, मधल्या वेळात मोडलेलं जोडायचं. प्रयोग जमला तर मॅडम काय सुरेख शिकवतात. फसला तर काकांनी द्रावण पातळ केलं असणार. ज्याला जे लागेल त्याची चिठ्ठी आदल्या दिवशी द्यावी, अशी पाटी त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवून दारावर लावली होती. चिठ्ठ्या यायच्या त्या तास सुरू झाल्यावर. चाळीस परीक्षानळ्या, वीस बर्नर, दोन मिनिटांत. लोहचुंबक दहा दिले की आठ परत यायचे. बेसिन तुंबायचं ते दर वेळी लिटमसच्या लगद्यानंच. आणि सांगाड्याच्या उजव्या हाताची दोन बोटं कुणी नेली, ते नेणाऱ्यालाच ठाऊक.

आता हे सगळं महिनाअखेरीस संपणार होतं. काका निवृत्त होणार होते. आणि गंमत बघा, ज्या कटकटींनी जन्मभर त्यांचं डोकं उठवलं, त्याच आता सोडवत नव्हत्या. परवा एका मुलीनं बीकर फोडला, तर काका रागवायचं विसरून काचा गोळा करत बसले. ती बिचारी घाबरली. तिला वाटलं, आता काहीतरी मोठी शिक्षा होणार.

नव्या मॅडमनी सांगितलं होतं, सोमवारपर्यंत क्षारांचं जुनं कपाट रिकामं करा, तिथं नवीन स्क्रीनचं सामान यायचंय. मॅडम वाईट नव्हत्या, घाईत होत्या. म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर काकांनी आपल्या मुलीला मदतीला बोलावलं. खरं तर मदतीची गरज नव्हती. कपाट त्यांनी एकट्यानं तासाभरात आवरलं असतं. त्यांना तिला एक गोष्ट सांगायची होती. एकवीस वर्षं ती त्यांनी गिळून ठेवली होती. ती सांगायची तर याच खोलीत सांगता येणार होती, आणि महिनाअखेरीनंतर ही खोली त्यांची राहणार नव्हती.

मुलगी आली ती जिन्यावरून अर्ध्यातूनच परत फिरली. स्कूटरला कुलूप लावलंय का बघायला. वर आली, पर्स ठेवली, खिडकीतून पुन्हा एकदा डोकावली आणि मग म्हणाली, "हं, बोला बाबा. काय काय टाकायचंय?"

तिला घरी मिठू म्हणत. लहानपणी ऐकलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवायची म्हणून. आता ती अडतीस वर्षांची होती, एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर काम करायची, आणि भिंगाचा नंबर तीनदा तपासल्याशिवाय चष्मा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही. दुकानाचा मालक सगळ्यांना सांगायचा, अशी काळजीनं काम करणारी बाई मिळत नाही हो. घरीही तसंच. गॅस बंद आहे का, तीनदा. दार लागलंय का, तीनदा. आई म्हणायची, पोरगी बापावर गेली, नीटनेटकी. काका मान खाली घालून जेवत राहायचे. हा नीटनेटकेपणा कुठल्या तारखेला सुरू झाला, ते त्यांना दिवसासकट माहीत होतं.

"अय्या, हे अजून आहे?" मिठूनं खिडकीखालचं उंच लाकडी स्टूल ओढलं. "याच्यावर बसून मी गृहपाठ करायचे."

"गृहपाठ कसला! नुसती बडबड करायचीस."

"तुम्हीच शिकवायचात की. लेबल कुठे?"

"तळहाताकडे," काका नकळत म्हणाले.

"लेबल तळहाताकडे, म्हणजे ओघळ लेबलावर येत नाही. बूच टेबलावर उलटं. नळीचं तोंड कुणाच्या तोंडाकडे नाही." ती हसली. "अजून तेलाची बाटलीसुद्धा मी तशीच धरते. सासूबाई विचारतात, हे काय खूळ?"

चार वाजता तिची शाळा सुटायची आणि ती इथं यायची. सात वर्षांची असताना तिला आम्लांची नावं येत होती. बारा वर्षांची झाली तेव्हा काका नळ्या धुवायचे आणि ती पुसून उलट्या लावायची. संध्याकाळचं ऊन त्या नळ्यांवर पडायचं. दोघं बोलायची थोडं आणि कामं करायची फार. आयुष्यातले चांगले दिवस कुठले, असं कुणी विचारलं असतं तर काकांनी तेच सांगितले असते. तिला औषधं बनवायचं शिकायचं होतं. तसं कॉलेजही तिनं हेरून ठेवलं होतं.

मिठूनं कपाटातल्या बरण्या एकेक करून खाली काढल्या. मागच्या फळीवर वीस भोकांची लाकडी घोडी निघाली. प्रत्येक भोकाखाली काकांच्या अक्षरात एक आकडा होता.

"ही तर परीक्षेची," ती म्हणाली. बोटानं तिनं आकड्यांवरची धूळ पुसली आणि सातवर थांबली. "मला इथलं सगळं यायचं ना हो? डोळे मिटून यायचं. आणि नेमकं परीक्षेत तीनदा करूनही चुकलं. काही माणसांना नाहीच जमत, त्यातली मी."

हे ती हसत हसत म्हणाली. दर दोनचार वर्षांनी म्हणायचीच. आणि दर वेळी काका उठून काहीतरी आवरायला लागायचे.

ती परीक्षा अशी होती. वीस मुलं, वीस छोट्या बाटल्या, प्रत्येकीवर फक्त नंबर. आत चमचाभर क्षार. तो कुठला, ते मुलांनी तपासून ओळखायचं. कुठल्या नंबरात काय, याची चिठ्ठी तेव्हाच्या जुन्या मॅडमनी लिहिलेली असायची, ती बाहेरून आलेल्या परीक्षकांकडे आणि एक प्रत काकांकडे. मिठू त्या वर्षी याच शाळेतून बारावीच्या परीक्षेला होती, म्हणून काकांनी सुट्टी मागितली होती. हेडसर म्हणाले, "तुम्ही नसाल तर लॅब कोण चालवणार, मी?" मग काकांनी आठवडाभर घरात मिठूशी अभ्यासाचा शब्द काढला नाही. शाळेत तिनं त्यांना बाबा म्हणायचं नाही, काका म्हणायचं, हा नियम तर पहिल्या दिवसापासून होता. स्वतःच्या मुलीला झुकतं माप दिलं, असं कुणी म्हणता कामा नये. याचा त्यांना अभिमान होता, आणि थोडा जास्तच होता.

सकाळची तुकडी झाली. दुपारच्या तुकडीत मिठू. मधे एक तास, त्यात वीस बाटल्या धुऊन नव्या यादीप्रमाणे भरायच्या. काकांनी सहा भरल्या आणि शिपाई आला, सभागृहातला माईक बंद पडलाय. काका गेले. वायर जोडून आले तर टाकीतलं पाणी संपलं होतं. पंप चालू करून आले तर परीक्षकांना लिहायला टेबल डुगडुगतंय, खाली काहीतरी लावा. टेबलाखाली पुठ्ठा घालून उठले तेव्हा बारा मिनिटं उरली होती आणि चौदा बाटल्या. तळपायाची आग मस्तकात गेलेली. सात नंबर, झिंक सल्फेट. काकांनी हात घातला आणि शेजारची बरणी उचलली, मॅग्नेशियम सल्फेटची. दोन्ही पांढरे, चमकणारे, दोन दुकानांतल्या साखरेइतके सारखे. पुढच्या तेरा बाटल्या बरोबर भरल्या. आणि सात नंबर निघाला मिठूला.

तिनं नळीत द्रावण केलं, सोडियम हायड्रॉक्साइड घातलं. पांढरा साका तळाशी जमला. आणखी घातलं. झिंक असतं तर तो साका विरघळून पाणी स्वच्छ झालं असतं. तो विरघळला नाही. तिनं मॅग्नेशियम लिहिलं. परीक्षक फिरत तिच्यापाशी आले, वही बघितली, आपल्या चिठ्ठीत बघितलं. हुशार पोर दिसली म्हणून मायेनं म्हणाले, "पुन्हा एकदा करून बघ, बाळ." तिनं पुन्हा केलं. तेच आलं. मग ती काकांच्या काउंटरपाशी आली.

"काका, ही सोडियम हायड्रॉक्साइडची बाटली बरोबर आहे ना?"

सगळ्या खोलीनं मान वर केली. काकांना वाटलं, पोरगी मदत मागतेय, सगळ्यांसमोर. ते म्हणाले, "परीक्षेत बोलायचं नाही. जागेवर जा."

ती गेली. तिसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा तेच. मग तिनं मॅग्नेशियम खोडलं. आपलंच द्रावण बिघडलं असणार, साका विरघळायलाच हवा होता, असं मनाशी ठरवून अंदाजानं ॲल्युमिनियम लिहिलं.

संध्याकाळी बरण्या आवरताना काकांना झिंक सल्फेटची बरणी दिसली. नवीकोरी. झाकणाभोवतीचं मेण जसंच्या तसं होतं. सकाळच्या यादीत झिंक नव्हतं, म्हणून ती उघडायचं कारणच पडलं नव्हतं. मग सात नंबरात काय घातलं? त्यांनी बाटलीतला उरलेला क्षार नळीत घेतला आणि तपासला. साका बसला तो हलेना. कपाळाला हात लावून ते स्टूलवर बसले, आणि मग उठून शिक्षकांच्या खोलीकडे गेले. आत परीक्षक आणि जुन्या मॅडम चहा घेत होते. मार्कांचा लखोटा टेबलावर होता, अजून उघडा. काकांनी दाराला हात लावला आणि आतून मॅडमचा आवाज आला, "चौदा वर्षांत आमच्या काकांकडून एक चूक नाही. आज तर त्यांची स्वतःची मुलगी होती. ढुंकून बघितलं नाही त्यांनी तिच्याकडे." परीक्षक म्हणाले, "असा माणूस पाहिजे."

काकांनी दारावरचा हात काढला.

एवढंच झालं. पुढं निकाल लागला, तिला चार मार्क कमी पडले, कॉलेज गेलं. ती दोन दिवस रडली आणि म्हणाली, माझंच चुकलं. काका तिच्या डोक्यावरून हात फिरवत बसले होते.

"बाबा? कुठे हरवलात? ही घोडी ठेवायची की टाकायची?"

काकांनी खिशातून किल्ली काढली, आपला खासगी ड्रॉवर उघडला आणि तळाशी ठेवलेली एक छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. बुचावर मेण होतं. पोटावर आकडा होता, सात.

"ही तपास," ते म्हणाले.

"आता? कशाला?"

"तपास म्हटलं ना. द्रावण सकाळीच ताजं करून ठेवलंय."

मिठूनं त्यांच्याकडे बघितलं. वाद घातला नाही. मेण नखानं काढलं, बूच टेबलावर उलटं ठेवलं. नळी धुतली, चिमूटभर क्षार घेतला, पाणी घालून हलवला. सोडियम हायड्रॉक्साइडची बाटली उचलली, लेबल तळहाताकडे. पांढरा साका उतरला. आणखी घातलं. आणखी घातलं. नळी खिडकीकडे धरून ती बघत राहिली.

"मॅग्नेशियम," ती म्हणाली. मग सवयीनं दुसरी नळी उचलायला गेली.

"पुन्हा करू नकोस," काका म्हणाले. "बरोबर आहे. तेव्हाही बरोबर होतं."

मग त्यांनी सांगितलं. माईक, पंप, पुठ्ठा, मेण न फुटलेली बरणी, सगळं सांगितलं. जुन्या मॅडमच्या हातची चिठ्ठी पुढे ठेवली, त्यात सातसमोर झिंक होतं. दारावरचा हात सांगायच्या आधी थांबून पाणी प्यायले, आणि तेही सांगितलं. सबब एकही सांगितली नाही. सांगण्यासारखी उरलीही नव्हती.

मिठू त्या उंच स्टूलवर बसली. बाहेर मैदानात कुणीतरी पाइपानं झाडांना पाणी घालत होतं, त्याचा आवाज येत होता.

"म्हणजे मला पहिल्यांदाच बरोबर आलं होतं."

"हो."

"तिन्ही वेळा."

"तिन्ही वेळा."

"आणि मी विचारायला आले होते तुम्हाला." ती नळीकडे बघत होती. "मी मदत मागत नव्हते बाबा. मला नुसतं कळायचं होतं, बाटली बरोबर आहे की माझे डोळे."

काकांनी बुचाचं सोललेलं मेण टेबलावरून गोळा केलं.

"चार मार्कांचं जाऊ द्या. ते कॉलेज गेलं, माझं काही अडलं नाही. चूक तर कुणाकडूनही होते. पण तुम्ही रोज बघत होतात. मी गॅस तीनदा बघायचे तेव्हा तिथंच बसलेले असायचात, पेपर वाचत. तुम्हाला माहीत होतं मी का बघतेय. मलासुद्धा माहीत नव्हतं." आता तिचा आवाज चढला होता. "त्या दिवशी नाही जमलं, ठीक. दुसऱ्या दिवशी सांगायचं. माझ्या लग्नात सांगायचं. दहा वर्षांनी सांगायचं."

"भीती वाटली," काका म्हणाले.

"नोकरीची?"

"पहिले आठ दिवस नोकरीची. नंतर तुझी. तू सगळ्यांना सांगायचीस, आमच्या बाबांकडून चूक होत नाही. ते ऐकायची सवय लागली होती मला."

मिठू रडली. तोंड झाकून नाही, सरळ समोर बघत, रागानं. काका उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले आणि मधेच थांबले, कारण तो हात त्यांनी तेव्हाही फिरवला होता. ते नुसते शेजारी उभे राहिले. त्यांनाही रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

थोड्या वेळानं तिनं बेसिनवर तोंड धुतलं. मग नळी धुतली, पुसली आणि घोडीत उलटी लावली. टेबलावरची काचेवर लिहायची पेन्सिल घेऊन सात नंबरच्या बाटलीवर आकड्याखाली लिहिलं, मॅग्नेशियम सल्फेट. बूच घट्ट बसवलं आणि बाटली पर्समध्ये टाकली.

"ही माझी," ती म्हणाली.

"तुझीच."

"आणि आईला तुम्ही सांगायचं. आज. मी सांगणार नाही."

"सांगतो."

दोघांनी उरलेलं कपाट आवरलं. एकमेकांशी कामापुरतं बोलत, हे इकडे द्या, ते तिकडे ठेव. काकांना वाटत होतं, हिनं अजून चार शब्द सुनवावेत, म्हणजे बरं वाटेल. तिनं सुनवले नाहीत. घोडी मात्र टाकू दिली नाही. सहा वाजता खिडक्या लावल्या, गॅसची मुख्य चावी बंद केली, आणि पिशव्या घेऊन दोघं दाराबाहेर आली.

कुलूप मिठूनं लावलं. काका सवयीनं बाजूला थांबले. आता ती तीनदा ओढून बघणार, जिन्यापर्यंत जाऊन एकदा परत येणार, हे ठरलेलंच होतं.

तिनं कुलूप एकदा ओढलं. किल्ली त्यांच्या हातात दिली आणि मागे न बघता जिना उतरू लागली. काका किल्ली धरून तिथंच उभे राहिले. खालून तिचा आवाज आला, रागावलेला, पण त्यांना ओळखीचा.

"चला बाबा. लागलंय ते. मी बघितलंय."